यातून संदेश काय?

आमच्या घरात छापील कागदाच्या दोनच जाती होत्या, वाचायचा आणि बांधायचा. वाचायचा कागद काचेच्या कपाटात राही आणि त्या कपाटाची चावी अण्णांच्या जानव्याला असे. बांधायचा कागद आईच्या ताब्यात, कोठीच्या खोलीत, आमसुलांच्या बरणीशेजारी. कुठला कागद कुठल्या जातीचा हे अण्णा, म्हणजे माझे वडील, ठरवत. ते बोर्ली पंचतनला अकरावी-बारावीला मराठी शिकवायचे, त्यामुळे गावातल्या कुठल्याही वाक्याला लाल शाई लावायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना मनापासून वाटे. संध्याकाळी ते पडवीत बसून निबंध तपासत आणि आम्हाला ऐकू जातील असे उसासे टाकत. मागे वाडीत पंपाची डुगडुग, मध्येच पत्र्यावर एखादी पिकली सुपारी पडल्याचा आवाज, स्वयंपाकघरात वालाच्या बिरड्याला दिलेली फोडणी, आणि या सगळ्यावर अण्णांचं "ऱ्हस्व. अरे, ऱ्हस्व." आमच्या शेजारणीचा लहान मुलगा बरेच दिवस समजत होता की ऱ्हस्व नावाचा अण्णांचा कुणी पुतण्या आहे आणि तो हाकेला ओ देत नाही.

वाडीला लागून मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता. वर्षातून दोनदा ती माणसं येत, "किती शांत आहे ना इथे" असं एकमेकांना ओरडून सांगत, आणि जाताना रद्दी राखणदाराकरवी आईकडे पाठवत. एका खेपेला त्या रद्दीत तीन जाड, तळहाताएवढी पुस्तकं आली. आत सगळी काळी-पांढरी चित्रं, चित्रांत मोठ्या डोळ्यांच्या शाळकरी मुली आणि त्यांच्या तोंडाशी इंग्रजी फुगे. मला पत्ता लागेपर्यंत आईनं तिन्ही पुस्तकांची वेष्टणं आणि पुढची-मागची पानं फाडून आमसुलांच्या पुड्या बांधल्या होत्या. उरलेली मी दप्तरात घातली. ही जपानी चित्रकथा आहे आणि तिला मंगा म्हणतात, हे आतल्या एका बारीक छपाईवरून कळलं. रात्री जेवताना आईला म्हटलं, मला मंगा फार आवडते. आई म्हणाली, "मंगा कोण? खालच्या आळीतली का?"

आत्मचरित्र साठी उलटल्यावर लिहावं, तोवर माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं अण्णांचं मत होतं. मी आता पस्तिशीत आहे, अलिबागला एका कचेरीत टेबल सांभाळते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एवढं एकच आहे. साठीपर्यंत थांबले तर ते मी स्वतःला सोयीचं करून सांगेन, अशी मला भीती वाटते. आत्ताच थोडंफार तसं होऊ लागलंय.

तर ती पुस्तकं. मी तेव्हा अकरावीत, अण्णांच्याच वर्गात होते. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरतं होतं, पण चित्रांच्या आधारानं जमत गेलं. त्यातल्या एकाचं पहिलं पान उघडलं तर तीन मैत्रिणी भल्यामोठ्या सभागृहात वाजवतायत आणि लोक टाळ्या वाजवतायत. मग पान उलटावं तसतशा त्या वाईट वाजवू लागतात. मग नुसत्याच बसून पाव खातात. मग भांडतात. मग एक जण आपला अकॉर्डियन दुकानात परत नेऊन देते. शेवटी तिघी शाळेच्या फाटकाशी उभ्या, आणि कुणी कुणाला ओळखतसुद्धा नाही. फुग्यांमध्ये प्रश्नाच्या आधी उत्तर येत होतं, पण आमच्या घरात अण्णांशी बोलताना तसंच होत असल्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. मला ते फार थोर वाटलं. मी दोन दिवस नीट जेवले नाही आणि 'माझे आवडते पुस्तक' या निबंधात मैत्रीच्या क्षणभंगुरतेवर तीन पानं लिहिली. पुस्तक चित्रांचं आहे हे तेवढं लिहिलं नाही. अण्णांनी दहापैकी नऊ गुण दिले, निबंध वर्गात वाचून दाखवला आणि खाली लाल शाईत लिहिलं, 'संदेश स्पष्ट.'

वर्गात तेव्हा शबाना नवीन होती. दहावीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकलेली, वडील कुवेतला नोकरीला, आणि आवाज असा की हजेरीला तिनं "हजर" म्हटलं तरी पुढचा नंबर ऐकायचा राहून जाई. मधल्या सुट्टीत ती माझ्या बाकाशी आली आणि तिनं ते पुस्तक पाहायला मागितलं. मी दिलं. तिनं ते सहज पालथं केलं, जिथे माझा शेवट होता तिथून उघडलं आणि उजवीकडून डावीकडे वाचू लागली. चार पानं झाल्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला अजून आठवलं की कान गरम होतात.

"उलटं वाचलंस तू," ती म्हणाली. "हे इकडनं सुरू होतंय. आमची उर्दूची किताबं अशीच असतात."

"मग त्या शेवटी एकमेकींना विसरतात ते?"

"शेवटी कुठं गं? अजून त्यांची ओळखच झालेली नाय."

म्हणजे तिघी आधी अनोळखी असतात, मग एक जण दुकानातून जुना अकॉर्डियन आणते, मग भांडतात, मग पाव वाटून खातात, मग वाजवतात. एवढंच. क्षणभंगुरता कुठेच नव्हती. अण्णांचे नऊ गुण परत करावेत की काय असं मला क्षणभर वाटलं, पण ते मी केलं नाही. शबाना हसली नाही, आणि कुणाला सांगायलाही गेली नाही. तिनं फक्त विचारलं, "आपण पहिल्यापासून वाचायचं का?" आमची मैत्री झाली ती अशी.

तिसरी ममता. ती डोंगराकडच्या वाडीतून रोज पाऊण तास चालत येई. तिचा बाप खालूबाज्यात सनई वाजवायचा, म्हणजे लग्नाची, पालखीची सुपारी आली की चौघं-पाच जण ढोल आणि टिमक्या घेऊन जायचे. मुलींनी त्यात वाजवायची रीत नव्हती, पण ममता घरात टिमकी बडवून बडवून बापाच्या साथीदारांपेक्षा बरी वाजवू लागली होती आणि बाप ते बाहेर कुणाला सांगत नसे. ममता मंगा वाचायला म्हणून कधीच बसली नाही. आम्ही वाचताना डबे उघडतो हे कळल्यावर ती आली. "तुमी वाचा," ती म्हणायची, "मना फकस्त ते काय खातात तेवढं सांगा."

आणि खरं म्हणजे त्या पुस्तकांत खाणंच जास्त होतं. मला तीच गंमत वाटे. चाळीस-चाळीस पानं जात, तरी कुणाचं लग्न ठरत नसे, कुणी मरत नसे, कुणी देशासाठी काही करत नसे. एका अख्ख्या प्रकरणात एका पावाचे तीन सारखे तुकडे कसे करायचे यावर खल होतो आणि शेवटी तो पाव मांजर नेतं. पाठ्यपुस्तकातला धडा असता तर त्या मांजराकडून आपण काय शिकलो, असा तीन गुणांचा प्रश्न आला असता. इथे मांजर पाव खाऊन निघून जातं आणि मुली पुन्हा वाजवायला बसतात. आजही रेवसहून मुंबईला जाताना लाँचमध्ये मी मोबाइलवर असलंच काहीतरी वाचत बसते. शेजारची माणसं डोकावतात आणि ही बाई कचेरीचं काहीतरी महत्त्वाचं वाचत असेल म्हणून तोंड फिरवतात. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

मग आपणही वाजवायचं ठरलं. घरी मी उत्साहानं सांगितलं की आम्ही मैत्रिणी क्लब काढतोय, आणि आईच्या हातातली पळी तशीच राहिली. आमच्याकडे क्लब म्हणजे बाजारामागची ती खोली, जिथे दिवसभर पत्ते चालतात आणि पोलीस आले की सगळे जण एकाच मयताला निघाल्यासारखे बाहेर पडतात. तासभर रामायण झाल्यावर क्लबचं नाव 'मंडळ' झालं. मंडळाला कुणाचीच हरकत नसते. वाडीतलं पंपघर आम्हाला मिळालं. मी आत्याकडून शिकलेली पेटी, ममताची टिमकी आणि शबानाचा गळा. शबाना घरून तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं आणायची, आमची आईही सांदणं करायची, आणि कुणाकडची हलकी होतात यावर रोज पंधरा मिनिटं जात. ममताचा निकाल ठरलेला होता, "आजून एकेक खाल्ल्याबिगर न्हाय सांगता येनार." उरलेल्या वेळात आम्ही एक गाणं केलं. कॉलेज सुटल्यावर एस.टी.ची वाट बघताना केलेलं:

पावणेपाचची गाडी गेली,
पाचची अजून आली नाय,
वडा संपला, चटणी उरली,
घरी जायची घाई नाय.

चाल शबानाची. ती 'घाई नाय'वर अशी काही थांबायची की पुढे जाऊच नये असं वाटे. मी आजवर पुष्कळ मोठमोठ्यांची गाणी ऐकली, पण पंपघरातल्या त्या चार ओळींएवढं सुख मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही. हे मी साठीला सांगितलं असतं तरी असंच सांगितलं असतं.

तेवढ्यात स्नेहसंमेलन आलं. सांस्कृतिक विभागाचे प्रमुख अर्थातच अण्णा. त्यांनी त्या वर्षी छापील अर्ज काढला होता. त्यात कार्यक्रमाचं नाव, वेळ, कलाकार आणि चौथा रकाना 'संदेश'. संदेश नसेल तर रंगमंच नाही. त्यामुळे कॉलेजात संदेशांची झुंबड उडाली. व्यसनमुक्तीच्या नाटकात दारुड्याची भूमिका करायला अकरा मुलगे पुढे आले आणि समुपदेशकाची करायला एकही नाही. वृक्षारोपणाच्या नाचासाठी मुलींनी प्राचार्यांच्या खिडकीसमोरचा अशोक ओरबाडला. आम्ही चौथ्या रकान्यात एक आडवी रेघ मारून अर्ज दिला.

अण्णांनी आम्हाला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. गाणं ऐकलं. पहिल्या ओळीपासूनच त्यांची मान हलत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग त्यांनी चष्मा काढला.

"चाल गोड आहे. पण यातून संदेश काय?"

"काही नाही, सर," शबाना म्हणाली. "आम्ही एस.टी.ची वाट बघतो."

"ते झालं. पण त्यातून समाजानं काय घ्यायचं?"

"समाज बी वाट बगतो, सर," ममता म्हणाली. "त्याच यष्टीची."

अण्णांनी चष्मा पुन्हा लावला. ते आमच्याकडे बघू लागले. आधी माझ्याकडे, मग शबानाकडे, मग ममताकडे, आणि पुन्हा उलट क्रमानं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. त्यांनी पेन उघडलं आणि आमच्या रेघेवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'राष्ट्रीय एकात्मता'.

अण्णांबद्दल वाईट लिहिताना माझा हात अडखळतो, आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते मनानं वाईट नव्हते. दर ईदेला ते शबानाच्या घरी शीरखुर्मा प्यायला जात आणि तिच्या अम्मीची चौकशी करून येत. त्यांना खरोखर वाटलं की ते आमचा सन्मान करतायत. घरी येऊन त्यांनी रात्रभर जागून गाणं सुधारलं. 'नाय'चं 'नाही' झालं, वडा आणि चटणी गेली, आणि सकाळी त्यांनी मला ते वाचून दाखवलं:

पावणेपाचची गाडी गेली,
एकात्मतेची आली हो,
भेदाभेद उतरून गेले,
बंधुता त्यात चढली हो.

मग वेशभूषा. आम्ही तिघी रोज एकाच निळ्या-पांढऱ्या गणवेशात, दोन वेण्या घालून कॉलेजला जायचो आणि लांबून आमच्यातली कोण कुठली हे कुणाला ओळखू येत नसे. अण्णांच्या मते अडचण नेमकी तीच होती. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला एकात्मता दिसली पाहिजे. म्हणून मी नऊवारी आणि नथ. ममता कोळीण, डोक्यावर टोपली. ममता डोंगरातली, समुद्राला पाय लावायलाही भ्यायची, पण अण्णा म्हणाले कोळीण उठून दिसते. आणि शबानानं हिरवा पोशाख करायचा, डोक्यावरून जरीची हिरवी ओढणी, कपाळापर्यंत.

मी हे सगळं पंपघरात येऊन सांगितलं. जसंच्या तसं, अण्णांच्या सुरात, जणू बाजारातून काय काय आणायचं याची यादी वाचतेय. ममता टोपलीवर हसली. शबाना हसली नाही.

"मी कधी हिरवी ओढणी घेते का?" तिनं विचारलं.

"एका दिवसापुरती तर आहे."

"मी गाते म्हणून मला घेतलंय, का मी शबाना हाय म्हणून?"

"असं काय करतेस? दोन्ही."

"आनि गाणं कुठं हाय आपलं?"

मी म्हटलं, चाल तीच आहे. आणि मग, का कोण जाणे, अण्णांच्या आवाजात म्हटलं, की व्यापक विचार करायला हवा. शबानानं डब्याचं झाकण लावलं. "तू माझी मैत्रीण हायस," ती म्हणाली. "मला वाटलं, तू त्यांना सांगशील." एवढं बोलून ती गेली. मागून आलेल्या पंपाच्या आवाजात तिच्या चपला ऐकू आल्या नाहीत.

मी अण्णांना सांगायला हवं होतं. सांगितलं ते इतकंच, की शबाना येत नाही. अण्णांना मनापासून वाईट वाटलं. "ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच कळत नाही," असं ते आईला म्हणाले. पण पत्रिका छापून झाली होती, आणि छापील गोष्ट चुकीची ठरू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बारावीतल्या प्राचीला उभं केलं. प्राची ग्रामजोशींची नात, अथर्वशीर्षाच्या स्पर्धेत दरवर्षी पहिली. हिरवी ओढणी तिला छान दिसत होती. राष्ट्रीय एकात्मतेला आता शबानाची गरज उरली नव्हती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ममतानं मला विचारलं, "आपन नको करूया का?" मी म्हटलं, आता नाव दिलंय. ती म्हणाली, "तू वाजवशील तं मी वाजवीन." म्हणजे ते माझ्यावर होतं. मला पेटी वाजवायची होती. स्टेजवर, माइक लावून, नथ घालून, गावासमोर वाजवायची होती. अण्णांची भीती वगैरे मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आले, पण खरी गोष्ट ही एवढीच होती आणि मला तिची लाज वाटते.

कार्यक्रम जोरात झाला. प्राचीनं सूर सोडला नाही आणि शब्द इतके स्पष्ट म्हटले की 'बंधुता' शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. ममताची टोपली दोनदा घसरली. प्रमुख पाहुणे कुणी पंचायत समितीचे माजी सभापती होते, त्यांना शाल आणि नारळ मिळाल्यावर ते गहिवरून म्हणाले, की या तिन्ही समाजांच्या लेकी एका मंचावर पाहून आपल्याला भरून आलं. तिन्ही समाजांपैकी एक प्राची होती आणि एक डोंगरातली कोळीण, पण भरून यायला त्याची काही अडचण झाली नाही. आम्हाला पहिली ढाल मिळाली. अण्णांनी ती स्वतःच्या हातानं काचेच्या कपाटात ठेवली.

हल्ली दिवाळीला मला शबानाचा दिव्यांचं चित्र असलेला संदेश येतो आणि ईदेला मी तिला चंद्राचं चित्र पाठवते. गेल्या कित्येक वर्षांत यात खंड नाही. राष्ट्रीय एकात्मता आम्ही दोघींनी व्यवस्थित टिकवली आहे. त्यापलीकडे आम्ही बोलत नाही.

संमेलनानंतर दोन दिवस ती कॉलेजला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि नेहमीच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मी अभिनंदनाची किंवा भांडणाची, कशाची तरी वाट बघत होते. तिनं वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाली, "दुसऱ्या कडव्याला पेटी पुढे पळत होती."

"तू आली होतीस?"

"मागच्या खुर्च्यांत होते. ह्याच ड्रेसवर."

ती वहीवर तारीख घालत होती. "शेजारी एक बाई बसल्या होत्या," ती म्हणाली. "भल्या वाटल्या. मला इचारायला लागल्या, ती हिरव्या ओढणीतली पोर काय सुंदर गाते, कोण गं ती?"

"मग?"

"मी सांगितलं, ती शबाना."

अण्णा वर्गात आले, सगळे उभे राहिले, आम्हीही राहिलो. उभ्या उभ्या मी तिला हळूच म्हटलं, माफ कर मला. खरंच माफ कर. तिनं ऐकलं. रागावली नव्हती ती, निदान चेहऱ्यावर तरी तसं काही नव्हतं.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "त्या बाईंना सांग."

त्या बाई कोण, कुठल्या, हे तिनं त्यांना विचारलं नव्हतं, आणि मलाही ते आजवर कळलेलं नाही.